ऑक्टोबरात टोकलेल्या ब्रॉड बीन्स मार्चपर्यंत टिकत नाहीत? आधी हे तपासा

इंग्लंडमध्ये ज्याच्याकडे परसबाग किंवा अलॉटमेंट (भाजीपाल्यासाठी भाड्यानं घेतलेला प्लॉट) आहे, त्याला ऑक्टोबर संपता संपता पेरायला फारसं काही उरत नाही. लसूण, कांद्याच्या गड्ड्या आणि ब्रॉड बीन्स, म्हणजे बाकला. त्यातल्या ब्रॉड बीन्सवर आपल्या मराठी मंडळींचा विशेष जीव, कारण दुहेरी सोललेला कोवळा दाणा वालाच्या डाळिंब्यांच्या जवळपास जातो आणि मेअखेरीला ताज्या दाण्यांची उसळ होते. तक्रारही दर हिवाळ्यात तीच येते. कुणाचं काही उगवलंच नाही, कुणाची रोपं जानेवारीत आडवी झाली, कुणाची मार्चमध्ये काळी पडली. आणि निदान सगळ्यांचं एकच: "थंडीनं गेल्या."

माझ्या मते थंडीवर हा आळ बहुतेक वेळा उगाच येतो. योग्य वाणाचं बुटकं, चांगलं रुजलेलं रोप उणे 10 अंशांच्या आसपासची थंडीही काढू शकतं. दक्षिण इंग्लंडमध्ये तेवढी थंडी रोज पडत नाही. रोपं मारतात ती तीन कारणं: साचलेलं पाणी, उंदीर आणि पेरणीची घाई. नुकसान कोणत्या महिन्यात दिसलं यावरून यांतलं कोणतं हे बरंचसं ओळखता येतं, म्हणून पुढचं सगळं त्याच क्रमानं.

तीन-चार आठवडे झाले, काहीच वर आलं नाही

खुरपं घ्या आणि दोन-तीन जागी उकरून बघा. न उकरता नवीन पाकीट आणणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ऑक्टोबरअखेरच्या जमिनीत उगवायला दोन ते चार आठवडे लागतात, जमीन गार असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे बी टणक आहे आणि एका बाजूनं पांढरं मूळ खाली गेलंय असं दिसलं, तर माती परत लोटा आणि गप्प बसा. ब्रॉड बीनचे दल जमिनीखालीच राहतात, फक्त कोंब वर येतो. त्यामुळे वर काही दिसत नसलं तरी खाली बरंच काही चाललेलं असतं.

बी जागेवर नाहीच, किंवा फक्त सालीचे तुकडे आणि लहानसं भोक दिसतंय? उंदीर. ओळीनं, एकामागून एक, शिस्तीत भोकं असतील तर शंकाच नको. एकदा ओळ सापडली की उंदीर शेवटच्या बीपर्यंत जातो. मोठा खड्डा आणि विस्कटलेली माती असेल तर खार किंवा ‘जे’ (jay) नावाचा पक्षी. जुने माळी बिया रॉकेलमध्ये घोळवायचे. तो वास दोन पावसांत जातो आणि बियांचंही त्यात भलं होत नाही, तेव्हा ते करू नका. मिरचीपूड टाकून बघणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कोरड्या हवेत थोडा उपयोग होतो, पण नोव्हेंबरात कोरडी हवा आणायची कुठून? खात्रीचा उपाय एकच: 6 मिलिमीटरची तारेची जाळी ओळीवर अंथरायची, कडा मातीत दाबायच्या आणि कोंब जाळीला टेकायच्या आत ती काढायची. उशीर झाला तर कोंब जाळीत अडकून मोडतात. रोप वर आलेलं दिसलं म्हणजे संकट टळलं असंही नाही, कारण उंदीर कोवळ्या रोपाच्या बुडाशी उरलेला दाणाही काढून खातो. जाळी काढल्यावर आठवडाभर लक्ष ठेवा.

बी जागेवर आहे, पण दाबली की लिबलिबीत होते आणि आंबट वास येतो? कूज. इथे दोष बियाण्यापेक्षा जमिनीचा असतो. हॅरो, वेम्बली या पट्ट्यात जमिनीखाली लंडन क्ले नावाची भारी चिकणमाती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि हिवाळ्यात बुटाला किलो-किलोनं चिकटते. विदर्भातलं काळं रान पावसाळ्यात पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. अशा जमिनीत बी टोकताना बोट किंवा काठी दाबली की त्या खळग्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्यात पाणी साचतं आणि बी बुडते. म्हणून खळगा काठीनं करू नका, खुरप्यानं माती मोकळी करून बी ठेवा आणि वर कंपोस्ट टाका. आणि मुख्य म्हणजे वाफसा नसताना पेरू नका. मूठभर माती दाबून सोडल्यावर ढेकूळ फुटत नसेल, तर तारीख काहीही असो, थांबा.

2023 च्या ऑक्टोबरात बॅबेट वादळाचा पाऊस पडला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कियारन आलं. ऑक्टोबर 2022 ते मार्च 2024 हा 18 महिन्यांचा काळ इंग्लंडच्या नोंदींमधला सगळ्यात ओला ठरला. त्या हंगामात "पाकिटावर लिहिलंय म्हणून" ठरलेल्या तारखेला चिखलात बी टोकणाऱ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

ऑक्टोबरात उगवलं, डिसेंबरात गुडघ्याएवढं झालं, जानेवारीत आडवं

हे घाईचं लक्षण. सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलं की जमीन अजून उबदार असते, रोप भराभर वाढतं, आणि आपल्याला आनंद होतो. तो आनंद खोटा. हिवाळ्यात शिरताना रोप 5 ते 10 सेंटीमीटरचं, दोन-चार पानांचं आणि ठेंगणं असायला हवं. त्याहून उंच खोड पाण्यानं भरलेलं आणि ठिसूळ असतं. वाऱ्यानं मोडतं, बर्फानं वाकतं.

2022 हे याचं चांगलं उदाहरण. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर कमालीचे उबदार गेले आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकदम गोठवणारी थंडी आली. हळूहळू गार होत गेलं असतं तर रोपं काटक झाली असती. ती संधीच मिळाली नाही. हवामान असं लहरी होत चाललंय म्हणून मी तारीख पुढे ढकलण्याच्या बाजूचा आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य. मिडलँड्समध्ये आठवडाभर आधी. त्याच्या वरच्या थंड, उघड्या भागात शरदातली पेरणी करायचीच असेल तर क्लोशखाली (रोपांवर ठेवायचं पारदर्शक झाकण), नाहीतर फेब्रुवारीची वाट बघा.

वाणाची चूकही इथेच उघडी पडते. ब्रॉड बीन्सचे ढोबळमानानं दोन गट आहेत: लांब शेंगांचे लाँगपॉड आणि आखूड, रुंद शेंगांचे विंडसर. विंडसर वाण चवीला सरस असल्याचं पुष्कळ लोक सांगतात, पण ते वसंतातच पेरायचे. हिवाळ्यात त्यांचा भरवसा नाही. शरदासाठी ॲक्वाडल्स क्लॉडिया हे जुनं, खात्रीचं नाव. वारा फार लागत असेल तर द सटन हा बुटका वाण क्लोशखाली चालतो. देशी दुकानातून खायला आणलेले सुके बाकले पेरून बघणारे भेटतात. उगवतील कदाचित, पण ते कुठल्या हवामानातल्या वाणाचे आहेत कुणाला ठाऊक. हिवाळ्याच्या पेरणीसाठी ती जोखीम घेऊ नये.

आत्ता रोपं उंच झालीच असतील तर? शेंडे छाटून ठेंगणी करायचा मोह टाळा, ओल्या हवेत ती जखम कुजते. चारही कोपऱ्यांना बांबू रोवा, दोन उंचींवर सुतळी फिरवा, आणि कडाक्याची थंडी सांगितली असेल त्या रात्री बागेचं फ्लीस (रोपांवर घालायचं हलकं कापड) टाका. मुख्य खोड मोडलं तरी रोप उपटू नका. ब्रॉड बीनला बुडातून फुटवे येतात, आणि फेब्रुवारीअखेर त्याच जागी दोन-तीन नवे कोंब दिसतात. पीक थोडं उशिरा येतं, इतकंच.

सकाळी मान टाकलेली, दुपारी उभी

दहिवर पडलेल्या सकाळी रोपं उकडल्यासारखी लोळलेली दिसतात. हात लावू नका. उन्हं आली की दहा-अकरापर्यंत ती आपणहून उभी राहतात. गोठलेलं पान दाबलं की आतल्या पेशी फुटतात आणि मग ते खरोखर काळं पडतं. गरम पाणी ओतणारेही महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं.

फक्त वरची एक-दोन पानं किंवा पानांच्या कडा काळ्या झाल्या असतील, तर ते थंड वाऱ्याचं काम. वाढीचा डोळा हिरवा असेपर्यंत काळजीचं कारण नाही. पण दुपारीही रोप लोळलेलंच असेल आणि हवा गोठवणारी नसेल, तर एक रोप उपटून मुळं बघा. काळी, कुजकट, सहज तुटणारी मुळं म्हणजे मूळकूज. ते रोप वाचणार नाही, पण शेजारची वाचवायची असतील तर ओळीच्या बाजूनं चर काढून पाण्याला वाट करून द्या. मुळं पांढरी असतील आणि त्यांवर लहान गुलाबीसर गाठी असतील तर मुळं ठीक आहेत, कारण दुसरीकडे शोधा. या गाठींतले, रोपाला नत्र मिळवून देणारे जिवाणू इथल्या जमिनीत सहसा आधीच असतात, म्हणून पाकिटातलं जिवाणू खत आणायची गरज पडत नाही.

खोडाभोवती गोल खड्डा, त्यात पाणी

वाऱ्यानं हलून हलून खोडाभोवती खळगा पडतो, त्यात पाणी साचतं, ते गोठतं, आणि रोप बुडाशीच जातं. उपाय सोपा आहे, पण हिवाळ्यात प्लॉटवर जायचा कंटाळा आडवा येतो. प्रत्येक वादळानंतर एक चक्कर मारा, बुटानं माती दाबा, खोडाला दोन इंच भर द्या. बी 5 सेंटीमीटर खोल टोकलेली असेल तर हा त्रास निम्म्यावर येतो. वरवर टोकलेली बी उंदराला सापडते आणि तिचं रोप वाऱ्याला.

पानं कुरतडलेली

कुरतडण्याचा आकार बघा. पानाच्या कडेला तिकिटाच्या कडेसारख्या अर्धगोल खाचा असतील तर तो वाटाणा-बीन्सचा सोंडे भुंगा. त्याच्या अळ्या मुळांवरच्या गाठी खातात, पण वाढत्या रोपाचं त्यानं विशेष बिघडत नाही. सोडून द्या. पानं फाडल्यासारखी, फक्त देठ उरलेला, तर वुड पिजन. जाळीशिवाय इलाज नाही आणि जाळी पानांना टेकता कामा नये. वेडीवाकडी भोकं आणि चकाकणारा माग दिसला तर गोगलगाय. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या ग्रेट ब्रिटनमध्ये 2022 पासून बंद आहेत. शेडमध्ये जुना डबा पडला असेल तर तो वापरू नका, नगरपालिकेच्या धोकादायक कचऱ्यात द्या. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. त्याहून चांगलं म्हणजे ओळीजवळचा पालापाचोळा आणि फळ्या उचलणं, कारण गोगलगायी दिवसा तिथेच लपतात.

मार्च-एप्रिल: पानांवर तपकिरी ठिपके

हा चॉकलेट स्पॉट, बॉट्रायटिस फॅबी नावाच्या बुरशीचा. शरदात पेरलेल्या पिकाचा हाच खरा शत्रू, कारण अख्खा ओला हिवाळा पानं उघड्यावर असतात. सुरुवातीला लहान गोल चॉकलेटी ठिपके येतात आणि बरेचदा तेवढ्यावरच थांबतात. उन्हं आणि वारा मिळाला की रोप त्यातून बाहेर येतं. पण एप्रिल-मेमध्ये सलग ओली, दमट, थोडी उबदार हवा राहिली तर ठिपके एकमेकांत मिसळतात, पानं काळी होऊन गळतात, फुलंही जातात. त्या अवस्थेला आला की फार काही करता येत नाही. घरगुती बागेसाठी यावर फवारायला कुठलंही अधिकृत बुरशीनाशक नाही. ताक, बेकिंग सोडा, दालचिनी यांचे प्रयोग मी वाचतो आणि सोडून देतो.

त्यामुळे सगळा खेळ आधीचा आहे. अंतर हा त्यातला सगळ्यात मोठा भाग. जोडओळ टाकत असाल तर दोन ओळींत आणि दोन बियांत निदान 20 ते 23 सेंटीमीटर, आणि पुढच्या जोडओळीपर्यंत 60 सेंटीमीटर. दाट पेरून "उंदीर खातील ते खातील" असा हिशेब करणारे लोक असतात. उंदीर आले नाहीत की त्यांचीच रोपं एकमेकांत गुदमरतात. नांग्या (रिकाम्या राहिलेल्या जागा) भरायला ओळीच्या टोकाला दहा-बारा जादा बिया टोकून ठेवा, म्हणजे मध्ये गर्दी करावी लागत नाही.

दुसरं खत. ब्रॉड बीन स्वतःचं नत्र स्वतः मिळवते. ताजं शेणखत, कोंबडीखत घातलं की पानं मऊ, रसरशीत होतात आणि बुरशीला तेच हवं असतं. कमी पडतो तो पालाश. पेरणीच्या वेळी सल्फेट ऑफ पोटॅश किंवा लाकडाची राख जमिनीत मिसळा. राख लाकडाचीच, कोळशाची किंवा बार्बेक्यूच्या विटांची नको. आणि जमीन आम्ल असेल तर आधीच्या हिवाळ्यात चुना. 6.5 ते 7 सामू (pH) या पिकाला मानवतो. सामू तपासायचा संच बागेच्या दुकानात स्वस्त मिळतो, पण घेत कुणी नाही.

तिसरं, फ्लीस आणि क्लोश. थंडी गेली की काढा. फेब्रुवारीभर बंद ठेवलेल्या क्लोशखाली दमट हवा साचते आणि ज्या थंडीपासून वाचवलं तिच्यापेक्षा बुरशी जास्त नुकसान करते. 2024 चा फेब्रुवारी इंग्लंड-वेल्समध्ये नोंदीतला सर्वांत उबदार फेब्रुवारी होता. अशा वर्षी क्लोशची गरज कशाला?

रोगट पानं खुडून कंपोस्टात टाकू नका आणि पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात बीन्स लावू नका.

फुलं भरपूर, शेंगा नाहीत

लवकर आलेल्या पहिल्या फुलांचं हे नेहमीचंच. एप्रिलच्या गार हवेत लांब जिभेचे भुंगे कमी फिरतात, परागीभवन अर्धवट होतं आणि खालची फुलं गळतात. फुलाच्या बुडाशी बारीक भोक दिसलं तर आखूड जिभेचा भुंगा मागच्या दारानं मध चोरून गेलाय असं समजा. वरची फुलं धरतात, धीर धरा. मात्र मे कोरडा गेला तर फुलोऱ्यात पाणी द्या, हिवाळ्यातल्या चिखलाच्या आठवणीनं हात आखडू नका.

खाली पहिल्या शेंगा बोटाएवढ्या दिसू लागल्या की शेंडे खुडा, वरचे 8-10 सेंटीमीटर. हरभऱ्याचे शेंडे खुडणाऱ्या घरातून आलेल्यांना याचं नवल वाटणार नाही, आणि पुढची पायरीही तीच: लसणाच्या फोडणीवर भाजी. काळा मावा कोवळ्या शेंड्यांवरच बसतो, त्याची जागाच जाते. शरदातल्या पेरणीचा मोठा फायदाही हाच, की मावा जोरात येईपर्यंत खोडं निबर झालेली असतात. मावा आधीच बसला असेल तर तो शेंडा भाजीला न घेता पाण्याच्या बादलीत बुडवा.

विषय निघालाच आहे तर: घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर त्यांना ब्रॉड बीन्स अजिबात देऊ नका, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ही कमतरता आनुवंशिक आहे आणि भारतीय कुटुंबांतही आढळते. ब्रॉड बीन्स खाल्ल्यावर कुणी पिवळं पडलं किंवा लघवी गडद झाली तर लगेच दवाखाना गाठा.

दर वर्षी हेच होत असेल तर

भारी जमीन, पाणी साचणारा प्लॉट, भोवती उंदीर: हे तिन्ही असतील तर जमिनीत थेट टोकण्याचा हट्ट सोडा. ऑक्टोबरअखेरीला खोल कुंड्यांत किंवा टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्यांत एकेक बी लावा आणि थंड ग्रीनहाऊसमध्ये किंवा भिंतीच्या आडोशाला उंचावर ठेवा. घरात, रेडिएटरच्या खिडकीत मात्र नाही, तिथे रोप आठवड्यात लांबुळकं होतं. शेल्फवरही उंदीर चढतात, म्हणून वर जाळी हवीच. मुळं पुठ्ठ्यातून डोकावली आणि जमिनीला वाफसा आला की लावा, मग तो नोव्हेंबरचा शेवट असो की फेब्रुवारी. गादीवाफा 15-20 सेंटीमीटर उंच केलात तर निचऱ्याचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

आणि डिसेंबर उजाडला तरी जमीन चिखलच असेल तर पाकीट बंद करून ठेवा. जानेवारीअखेर कुंड्यांत लावलेली किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीत टोकलेली ब्रॉड बीन शरदातल्या पिकाच्या दोन-चार आठवडेच मागे राहते. मावा तिच्यावर जास्त येईल, तेव्हा शेंडे वेळेवर खुडा.